वीतभर सरकलेली खुर्ची

आता सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. मांडवीत आजवर कुणालाच पटलेलं नाही, आणि मी तर सहा जणांना शपथेवर सांगितलंय. तरी ऐका. बाहेर पाऊस आहे, होड्या वर ओढलेल्या आहेत, तुम्हाला दुसरं काम काय? फक्त एक करा – आत स्वयंपाकघरात जी चहा टाकतेय, ती मध्ये काही बोलली तर लक्ष देऊ नका.

तर माझा भाचा दर्शन. वादळात होडी हाकणारा, पण मुलीशी बोलायचं म्हटलं की सुका बांगडा. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत दोन स्थळं त्याचं घर बघून परत गेली होती. दोष पोराचा नव्हता, भिंतींचा होता. आमच्याकडे नारळी पौर्णिमेआधी होडीला रंग लागतो आणि डब्यात उरेल तो घराला. वीस वर्षं उरलेला रंग चढून चढून बाहेरची खोली खाली नारिंगी, वर निळी, मध्ये पांढरा पट्टा अशी झाली होती. होडीच ती, वल्ही तेवढी नव्हती. दुसऱ्या स्थळाची मुलगी सोफ्यावर बसली, पाच मिनिटं भिंतीकडे बघत राहिली आणि तिला चक्क बोट लागली. पोह्यांना हात न लावता बिचारीने लिंबू मागितलं.

तिसरं स्थळ बुरोंडीचं. दहा दिवसांनी, रविवारी येणार होतं. माझी बहीण येसूबाई, म्हणजे दर्शनची आई, म्हणाली, "हे गेलं तर मी पुढचं बघायची नाही. एकदा हा समुद्रावर गेला की मे महिन्यापर्यंत हाताला लागत नाही."

दुसऱ्याच दिवशी दर्शन बंदरावर ताडपत्रीखाली जाळं सांधत बसला होता. छत्री सावरत एक मुलगी आली.

"हे जाळं विकणार का?"

"चालू जाळं आहे. कशाला हवंय?"

"एका घरात भिंतीवर लावायचंय."

"भिंतीवर कुठले मासे लागणार?"

"सोफ्यावर बसलेले," ती म्हणाली, आणि हसली.

बस. त्या हसण्यात सुई जाळ्याऐवजी लुंगीतून गेली. चार टाके पडले तरी पत्ता नाही. तिच्या मागे जायला उठला तर सगळं जाळं बरोबर उठलं.

योगिनी तिचं नाव, खाडीपलीकडच्या भाट्याची. लोकांची घरं लावून द्यायचं काम करायची, आणि नवीन काही विकत घ्यायचं नाही हा तिचा नेम. हे कळताच येसूने तिला घर लावायला बोलावलं.

पहिल्या दिवशी योगिनी खोलीच्या मधोमध उभी राहिली. एक डोळा मिटला. "हे कपाट खिडकीवर का ठेवलंय?"

"मागे समुद्र आहे म्हणून," येसू म्हणाली. "समुद्र काय बघायचा गो बाय? जन्मभर तोच बघतोय."

कपाट हललं. शोकेसमधल्या एकेचाळीस वस्तूंपैकी तीन उरल्या. भिंती घासून पांढऱ्या झाल्या. गुडघ्याएवढ्या उंचीवर एक नारिंगी पट्टी तिने मुद्दाम ठेवली, "ओळख राहू दे" म्हणून. येसूच्या जुन्या साड्यांचे पडदे झाले. खिडकीसमोर तिने कपाटाचा आरसा लावला, आणि काय सांगू, समुद्र घरात आला. मांजर आरशापुढे दोन दिवस उपाशी बसलं. येसू खोलीतून जाताना साडी वर धरायची.

सगळं जागेवर बसलं, एक सोडून. दर्शनच्या वडिलांची आरामखुर्ची. योगिनी ती रोज खिडकीपाशी लावायची आणि रोज सकाळी येऊन बघावं तर वीतभर सरकलेली.

"ही परत हलली," ती म्हणायची. "उद्या यावं लागणार."

"या ना," दर्शन म्हणायचा. "खुर्चीच्या मनात काय आहे ते... कोण सांगणार?"

"खुर्चीला बोलता येत नाही. माणसांनी तरी बोलावं."

आणि माणूस पडद्याची कडी चाचपत उभा.

शनिवार आला. योगिनी खिडकीची काच पुसत होती.

"उद्या येतायत ना बुरोंडीचे?"

"येतायत."

"घर आवडेल त्यांना."

"तीच तर भीती आहे," दर्शन म्हणाला.

तिने पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली. दर्शनने तिला दुसरं कोरडं फडकं आणून दिलं. ती छत्री उघडून निघून गेली.

रविवारी मुलगी आली – मनिषा, मोठी चुणचुणीत. वडिलांना घर बघताक्षणी पसंत. येसूने पेढ्यांचा डबा पुढे ओढला. आता फक्त कुणीतरी "मग काय ठरवायचं?" म्हणायची खोटी.

तेवढ्यात मनिषाने विचारलं, "पडदे छान आहेत. कुणाची कल्पना?"

"योगिनीची," दर्शन म्हणाला.

"आणि आरसा?"

"योगिनीने लावला."

"ही पट्टी?"

"योगिनी म्हणाली, ओळख राहू दे."

"दिवा इतका खाली?"

"योगिनीला डोळ्यांवर उजेड आवडत नाही."

मनिषाने बशी खाली ठेवली. "या घरात सगळं जागेवर बसलंय," ती हसत म्हणाली. "मला ठेवायला जागाच उरलेली नाही. जा, तिला सांगून या. तोवर आम्ही पोहे संपवतो."

येसूचा हात डब्यावर तसाच. दर्शनने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" येसू म्हणाली. "पेढे उद्यापर्यंत टिकतात."

आता इथून पुढचं तुम्हाला पटणार नाही. पुलावर गर्दी म्हणून दर्शनने ती आरामखुर्ची डोक्यावर घेतली आणि भरलेल्या खाडीत उडी मारली. निम्म्या वाटेत दम लागला, तेव्हा खालून एका डॉल्फिनने पाठ दिली. खुर्चीचं कापडसुद्धा भिजलं नाही. असा तो भाट्याला योगिनीच्या दारात उभा.

"आता काय झालं हिला?" तिने विचारलं.

"ही एकटी आहे म्हणून सरकते," तो म्हणाला. "समोर दुसरी ठेवू. तिच्यात... तू बस. रोज."

ती कितीतरी वेळ खुर्चीच्या दांड्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "खिडकीच्या बाजूची माझी."

लग्न झालं, मनिषा वरातीत नाचली, सगळं झालं. पण खरं गुपित राहिलंच. ती खुर्ची रोज सरकायची कशी? दर्शन म्हणतो, मांजर. येसू म्हणते, जमिनीला उतार आहे. अरे, मी! मी, लवू तांडेल, रोज रात्री मागच्या दाराने आत शिरून ती वीतभर ओढायचो. हे लग्न कुणी जमवलं ते आता तुम्हीच—

"मामा," चहाचा ट्रे घेऊन योगिनी ओटीवर आली. "तो पोहत आला ते राहू दे, मला ऐकायला आवडतं. पण खुर्चीचं खोटं आहे. रोज निघताना मीच सरकवून जायचे."