पाणी कसं आहे?

"ही दांडी धरा जरा. सोडू नका हं, नाहीतर पडदा माझ्या डोक्यावर आणि मी तुमच्या."

दार उघडंच होतं. मी बेल शोधत उंबऱ्यात उभी होते आणि शिडीवरच्या माणसानं, वळूनही न बघता, पडद्याच्या दांडीचं एक टोक माझ्याकडं पुढं केलं होतं. बॅग खाली ठेवली आणि धरलं. दुसरं करणार काय?

"डावी बाजू वर आहे," मी म्हणाले.

"सरळ आहे."

"चांगली चार बोटं वर आहे."

आता त्यानं वळून पाहिलं. आधी दांडीकडं, मग माझ्याकडं. दोन्ही वेळा डोळे बारीक करून. मी चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. असे बारीक केलेले डोळे दिवसभर माझ्यासमोर असतात... इतके हसरे मात्र क्वचित.

"तुम्हाला चष्मा लागलाय," मी म्हणाले.

"ओळख ना पाळख, आणि थेट चष्मा?" दांडी तशीच आकड्यात अडकवून तो खाली उतरला. "कोण आपण? आजची मंडळी दुपारनंतर येणार आहेत."

"त्यांच्यासाठीच आलेय. बुकिंग माझ्या वडिलांच्या नावानं आहे. त्यांना... जमणार नाहीये. नाव बदलून घ्यायचं होतं."

तळ्याकाठचं हे घर बाबांनी शोधून काढलं होतं. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी पोहायला जायचे, आणि तिथल्या तरणतलावावर त्यांची तीन माणसांशी गट्टी जमली होती. पोस्टमास्तर काका, दातांचे डॉक्टर आणि माझ्याच शाळेच्या मुख्याध्यापिका बाई. छपराखालच्या, औषधाचा वास मारणाऱ्या पाण्यात किती दिवस पोहायचं? एकदा सगळ्यांनी मिळून उघड्या तळ्यात उतरायचं, हा बाबांचा ध्यास. घर ठरलं, तारखा ठरल्या. आणि हिवाळा संपता संपता बाबा गेले.

हे वाक्य आता मी लिहू शकते. तोंडानं म्हणायला मात्र तोवर जमलं नव्हतं. शेजारी, दुकानात, बँकेत, सगळीकडं माझ्यासाठी दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं होतं.

तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. "म्हणजे तुम्ही त्यांच्या कन्या. गंमत सांगू? तुमच्या वडिलांचा मला या आठवड्यात तीनदा फोन आला."

मी बॅग उचलून पट्टा घट्ट धरला.

"इथला नियम आहे. ज्याच्या नावानं घर, त्यानं आदल्या आठवड्यात स्वतः फोन करून 'येतोय' म्हणायचं. तर पहिल्यांदा त्यांचा आवाज इतका जाड होता की मला वाटलं, सर्दी झालीये. गुडघे दुखतात, तळमजल्यावरची खोली द्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत फोन. खोली तीच, पण गादी कडक हवी. आणि जाता जाता मलाच विचारलं, रात्री झोपताना दात घासता का?"

"डॉक्टर..." मी पुटपुटले.

"तिसऱ्यांदा," त्यानं मान खाजवली, "तिसऱ्यांदा ते बाईच्या आवाजात बोलले. मधेमधे खोकत होते, म्हणजे मला शंका येऊ नये. मी नुसतं 'हं' म्हटलं, तर म्हणाले, 'हं काय? हो म्हणावं.'"

मी हसले. ठरवून नाही, आतूनच आलं ते. कितीतरी दिवसांनी. मला त्रास नको म्हणून तिघांनी, एकमेकांना पत्ता लागू न देता, बाबा व्हायचं ठरवलं होतं. आणि तिघंही मला कानात सांगून गेले होते, 'घराचं मी बघितलंय गं, तू काळजी करू नकोस.' तिघांनीही तेच म्हटल्यामुळंच तर मला काळजी वाटून मी सकाळच्या बसनं पुढं आले होते.

"आणि तुम्ही तिघांनाही हो म्हणालात?"

"तिघांनाही तळमजल्यावरची खोली दिली."

"किती खोल्या आहेत तळमजल्यावर?"

"एक."

"अहो, पण का?"

"एका माणसासाठी तिघंजण इतकं वाईट खोटं बोलत असतील, तर..." खिडकीतून तळ्याचा वारा आला आणि तो तिरका पडदा फुगला. "मला त्यांचा खरा आवाज ठाऊक आहे ना. बुकिंग केल्यापासून दर रविवारी फोन. एकच प्रश्न. 'पाणी कसं आहे?' मी फोन घेऊनच जायचो, पाण्यात हात घालून बघायचो, सांगायचो. थंड म्हटलं तर 'चालेल'. बरंय म्हटलं तरी 'चालेल'. मग विचारायचे कशाला, देव जाणे. नंतर फोन बंद झाला. मी अजून जातो रविवारचा. हात घालतो. सांगायला कुणी नसतं, एवढंच."

मी बाहेर बघत राहिले.

"घर आत्याचं आहे," शेवटी तो हळूच म्हणाला. "मी नुसता मॅनेजर. नाव बदलायचं तर ती कारण विचारते, आणि तारखेसाठी दुसरी मंडळी टपून बसलीयेत. मी काहीतरी ठोकून देऊ शकतो. पण खरं कारण तुमच्या वतीनं मी म्हणणं... बरोबर नाही वाटत."

"लावा फोन," मी म्हणाले.

आत्याबाईंचा आवाज खणखणीत होता. "हं, बोला. मूळ गृहस्थ का येत नाहीत?"

मी पडद्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं. त्यानं पाठ फिरवली आणि उगाचच शिडी मिटायला घेतली.

"माझे वडील गेले," मी म्हणाले.

म्हटलं गेलं. पलीकडं आत्याबाईंचा आवाज मऊ झाला.

"मित्रमंडळी येतायत ना त्यांची? पोहायला?"

"हो."

"मग आजपासून घर तुझ्या नावानं. पाहुणी नाहीस, यजमानीण आहेस, चहापाण्याचं बघ. आणि माझ्या भाच्यानं पडदा वाकडा लावला असेल, तर त्याला परत शिडीवर चढव."

चढवलं.

दुपारी डॉक्टरांच्या गाडीतून मंडळी उतरली. पोस्टमास्तर काका गुडघा चोळत थेट तळमजल्यावरच्या खोलीत शिरले. मागोमाग डॉक्टर आपली उशी घेऊन.

"ही माझी खोली," डॉक्टर म्हणाले. "मी फोनवर पक्की केलीये."

"तुम्ही? कुणाच्या नावानं?" काकांनी विचारलं.

डॉक्टरांनी उशी छातीशी धरली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि त्यांच्या सगळं ध्यानात आलं. "गेलेल्या माणसाच्या नावानं फोन करता? या वयात? शोभतं का?"

"बाई," मी मागून म्हणाले, "खोकला मात्र छान जमला होता तुम्हाला."

बाईंचा चेहरा असा झाला की मॅनेजर तोंड फिरवून बाहेर पळाला. मग काका हसले, डॉक्टर हसले, आणि बाई हसता हसता एकदम पदर डोळ्यांना लावून काकांच्या पलंगावर बसल्या. मी त्यांच्याशेजारी बसले. बराच वेळ. खोली काकांच्या गुडघ्यांना मिळाली.

मी संध्याकाळच्या बसनं परतणार होते. बॅग उचलली, तर मॅनेजरनं ती माझ्या हातातून घेतली आणि जिना चढू लागला.

"अहो, मी निघालेय."

"बुकिंग पाच जणांचं आहे."

"चौघांचं."

"पाच." वर एक छोटीशी खोली होती. एक पलंग, एक खुर्ची, आणि खुर्चीमागं वाकडी मान केलेला उंच दिवा. तो लावलेला होता, भर उजेडात. "'मुलगी पोहत नाही, वाचत बसते. आधी नाही म्हणेल. तुम्ही दिवा चांगला ठेवा.' असं म्हणाले होते. हा मी दोन दुकानं पालथी घालून आणलाय."

मी खुर्चीत बसले. उजेड नेमका मांडीवर पडत होता.

"कसा आहे?" त्यानं विचारलं.

"उजेड सरळ पडतोय," मी म्हणाले. "नवलच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी तळ्यात उतरली. सर्वांत आधी बाई, टोपी घालून, शाळेच्या मैदानावर यायच्या तशाच. मी पायरीवर पाय पाण्यात सोडून बसले. तो टॉवेलांचा ढीग घेऊन एक पायरी वर बसला.

"पलीकडच्या काठाला काय दिसतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"बदकं. पाच-सहा."

"दगड आहेत ते."

त्यानं डोळे बारीक केले. "नक्की?"

"नक्की."

"मी रोज सकाळी त्यांना हात करतो."

"ओळख दाखवतात का?"

"नाही ना. मला वाटायचं, शिष्ट आहेत." तो वाकून माझ्या खांद्याशी आला, माझ्या बोटाच्या रेषेत बघायला. त्याच्या शर्टाला लाकडाच्या भुशाचा वास होता. बोट खाली घ्यायचं मी जरा विसरलेच.

"मॅनेजर!" पाण्यातून बाई ओरडल्या. "ढकला तिला आत!"

"बाई, यजमानीण आहेत त्या. माझी नोकरी जाईल."

"आणि बाकी काय काय जाईल ते दिसतंय मला इथून," बाई म्हणाल्या आणि उताण्या होऊन पोहू लागल्या. त्यांची नजर चांगली होती. मीच तपासली होती.

निघताना त्यानं माझी बॅग गाडीत ठेवली. मग काढली. मग नीट ठेवली.

"तुमचं दुकान... रविवारी बंद असतं?"

"रविवारी बंद. एरवी उघडं."

"नाही, म्हणजे, चष्म्याचं विचारत होतो."

"पोरी," गाडीतून बाई म्हणाल्या, "तो चष्म्याचं विचारत नाहीये."

पुढच्याच आठवड्यात तो आला. केस नीट विंचरलेले, शर्टाला इस्त्री, आणि खिशात सुतळी तशीच राहिलेली. मी त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत उंच खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर जाड फ्रेम चढवली आणि भिंग सरकवलं.

"हे स्पष्ट, की... हे?"

"दोन्हीत तुम्हीच दिसताय."

"माझ्याकडं नाही, समोर तक्त्याकडं बघायचं."

"मग मधे उभ्या कशाला राहता?"

मी बाजूला झाले. भिंग बदलायला पुन्हा जवळ जावं लागलंच. हे माझं रोजचं काम. कितीजणांच्या तोंडासमोर मी अशी वाकते आणि कधी काही वाटत नाही. त्या दिवशी भिंग खाचेत बसेना. त्यानं माझं मनगट धरलं नाही, नुसता तळहात खाली धरला, भिंग पडलंच तर म्हणून.

"शेवटची ओळ वाचा," मी म्हणाले.

तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "तू रविवारी फोन करशील?"

"'तू' कुठं लिहिलंय?"

"शेवटच्या ओळीत."

"तिथं नुसते आकडे आहेत."

"मग नंबर जास्त दिसतोय माझा," तो म्हणाला. "पण विचारायचं ते हेच होतं. दर रविवारी पाण्यात हात घालतो आणि... आधी त्यांना सांगावंसं वाटायचं. आता तुला सांगावंसं वाटतं."

मी फ्रेम उतरवली. त्याच्या नाकावर दोन लाल खुणा उमटल्या होत्या. माझ्याकडं बघताना त्याचे डोळे या वेळी बारीक झाले नाहीत. जवळचं त्याला नीट दिसत होतं.

"चष्मा शनिवारी मिळेल," मी म्हणाले. एवढंच जमलं.

रविवारी सकाळी बाबांच्या खुर्चीत बसून मी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

"पाणी कसं आहे?"

त्याच्या चपलांचा आवाज आला, मग पायऱ्या, मग वारा. मग पाण्यात हात बुडाल्याचा तो छोटासा आवाज. बाबांनी दर रविवारी ऐकलेला. ते कशाला विचारायचे, ते मला तेव्हा कळलं.

"ते दगडच आहेत गं," तो म्हणाला. "आज स्पष्ट दिसतायत."

"आणि पाणी?"

"थंड आहे. खूपच. येतेस?"

डोळे पुसून मी बॅगेकडं बघितलं. ती कालच भरून ठेवली होती.

"चालेल," मी म्हणाले.