एक ओळ नामंजूर

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली आणि तिच्या हातातली पेटी उपडी होऊन सव्वासहाशे शेडकार्डं पायऱ्यांवर पसरली. लाल, जांभळी, राखाडी, पिवळी... प्रत्येक कार्डावर सुताचा एक झुबका.

"डोळे कुठे असतात हो तुमचे?" ती म्हणाली.

"आत्ता विचाराल तर... तुमच्या कार्डांवर," तो म्हणाला आणि खाली बसला.

उंच, किडकिडीत, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. बोटं नखांपर्यंत निळी. म्हणजे रंगाई विभागातला रंगारी, हे तिने लगेच ओळखलं. त्याने कार्डं गोळा करायला सुरुवात केली आणि ती बघतच राहिली. मागचे नंबर न वाचता तो नुसत्या नजरेने ती क्रमाने लावत होता. दहा मिनिटांत पेटी भरली. शेवटी त्याच्या हातात दोन गर्द हिरवी कार्डं उरली, रबर लावून एकत्र बांधलेली.

"या दोघांना एकत्र का बांधलंय?"

"कारण ते रंग एकच आहेत."

"नाहीत."

"आहेत! नाव एक, रंग बनवायची कृती जवळपास एक. पडताळून पाहिलंय मी."

"कुठल्या उजेडात?"

हा काय प्रश्न झाला? तिने कार्डं त्याच्या हातातून ओढून घेतली आणि तरातरा वर निघून गेली. वरच्या मजल्यावर पोचल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं की आपण खाली वळून पाहतोय. तो तिथेच उभा होता, आणि हसत होता. आगाऊ कुठला!

तिला सगळे यादीताई म्हणत. सुताचे तीन कारखाने एक झाले होते आणि तिघांचेही रंगांचे नंबर वेगळे. पहिल्याचा चाळीस म्हणजे दुसऱ्याचा दोनशे बारा, आणि तिसऱ्याकडे तर नुसतीच नावं. गिऱ्हाईक मागायचं एक, हातात पडायचं भलतंच. म्हणून नवं सॉफ्टवेअर आलं. त्यात प्रत्येक गोष्टीची एकच यादी राहणार, आणि तिन्हीकडच्या लोकांनी त्या यादीतूनच नंबर निवडायचा. या याद्या बसवणं हे यादीताईचं काम. मापांची, खोक्यांची, रिळांच्या आकारांची, अशा तेवीस याद्या तिने बसवल्या होत्या. प्रत्येक यादीवर 'मालक' असा एक रकाना असे, आणि तेवीसच्या तेवीस ठिकाणी तिथे तिच्या वरिष्ठ मॅडमचं नाव होतं.

चोविसावी यादी रंगछटांची. सहाशे बारा ओळी. आणि मालक या रकान्यात – पहिल्यांदाच – तिचं स्वतःचं नाव!

खोटं कशाला बोला, दिवसातून दोन-तीनदा ती संगणकावर ती यादी उघडायची, काहीही काम नसताना. नुसतं नाव बघायला.

यादी करणाऱ्याला स्वतःची यादी मंजूर करता येत नसे. ते दुसऱ्याने करायचं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं, "तपासायला रंगाईतला माणूस देतेय. डोळा फार पक्का आहे त्याचा." दारात तोच उभा. निळी बोटं घासून घासून धुतलेली, तरीही निळीच.

"अरे वा," तो म्हणाला. "जिना आज तुमच्याकडे आलाय."

तिला हसायचं नव्हतं. पण हसू आलंच.

आठवडाभर दोघं शेजारी बसले. एकेक ओळ उघडायची, तिचं कार्ड खिडकीशी नेऊन बघायचं, मग त्याने 'मंजूर' दाबायचं आणि हवा तर शेरा लिहायचा. तिने त्याला नियम शिकवले. छटा बंद पडली तरी तिची ओळ खोडायची नाही, फक्त बंद झाल्याची तारीख टाकायची. आणि तो नंबर पुन्हा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.

"कधीच नाही?"

"कधीच नाही. पाच वर्षांनी कुणी जुनं बिल काढलं, तर त्याला त्याचाच रंग सापडायला हवा ना?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "हे असं कुणी सांगितलंच नव्हतं कधी. मला वाटायचं, तुम्ही लोक नुसते आकडे भरता."

"आणि मला वाटायचं, तुम्ही लोक नुसते हात रंगवता."

तिसऱ्या दिवशी मात्र गडबड झाली. चारशे सातवी छटा, फिकट जांभळी. तिचा स्कार्फ नेमका त्याच रंगाचा होता. रंगाऱ्याने शेऱ्यात लिहिलं, 'छटा अचूक. यादीताईंच्या स्कार्फसारखी. त्यांना फार शोभते.' शेरा फक्त तिलाच दिसतो, अशी बिचाऱ्याची समजूत. तो तर तिन्ही कारखान्यांतल्या बेचाळीस लोकांना ईमेलने जायचा!

पाचच मिनिटांत फोन खणाणला. दुसऱ्या कारखान्यातल्या भांडारातल्या ताई. "अगं यादीताई, स्कार्फ कुठून घेतलास गं?" मग तिसऱ्या कारखान्यातून. मग हिशेबनीस काका स्वतः येऊन स्कार्फ बघून गेले. रंगारी कानापर्यंत लाल झाला होता.

"पुसून टाका ना तो शेरा," तो काकुळतीने म्हणाला.

"शेरा पुसता येत नाही. उत्तर देता येतं." तिने शांतपणे टाईप केलं, 'शेऱ्याची नोंद घेतली. छटेत बदल नाही.'

त्या दिवशी चहा पिताना दोघंही बोलले नाहीत. सारखं हसू फुटत होतं, बोलणार काय?

शुक्रवारी दुपारपर्यंत सहाशे अकरा ओळी मंजूर झाल्या. उरली एक – तीनशे अठरा, गर्द हिरवी. दोन कारखान्यांच्या दोन छटा एकाच नंबराखाली आणलेल्या. त्याने दोन्ही कार्डं खिडकीशी धरली, बराच वेळ फिरवली आणि बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. नामंजूर.

"या दोन छटा आहेत," तो म्हणाला.

"एकच आहे! मी अशा चौदा जोड्या एक केल्यात. बाकीच्या तेरा चालल्या ना तुम्हाला?"

"त्यांची दुसरी कार्डं तुम्ही मला दाखवलीच नाहीत. बंद म्हणून बाजूला ठेवलीत. ही जोडी मी जिन्यात बघितली होती, म्हणून आज मागून घेतली."

ती उठून थेट मॅडमकडे गेली. मॅडमनी दोघांना समोर उभं केलं.

"सोमवारी दहाला तिन्ही कारखान्यांसमोर यादी जाहीर करायचीय," मॅडम म्हणाल्या. "नाही झाली, तर मुख्य कचेरी ती आपल्या माणसाकडे देणार. मग मालक म्हणून नावही त्याचंच लागेल. एका ओळीसाठी? सही करून टाका हो. नंतर बघू."

यादीताईने रंगाऱ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं ते नाव तिच्यासाठी काय आहे. तिनेच सांगितलं होतं, खिडकीपाशी, हळू आवाजात.

"नंतर शिलाई उसवावी लागते, मॅडम," तो म्हणाला. "मी सही नाही करणार."

बाहेर येताच तिने त्याला अडवलं. "तुम्हाला माझ्याबद्दल... थोडं तरी काही वाटतं की नाही?"

"वाटतं," तो म्हणाला. "म्हणून तर..."

पुढचं तिने ऐकूनच घेतलं नाही.

घरी आत्या होती. यादीताई लहानपणापासून आत्याकडे वाढलेली, आणि आत्याचा शिवणकामात हातखंडा. भाचीने पर्समधून त्याच दोन हिरव्या छटांची रिळं काढून मशीनवर आपटली.

"माझ्या हिरव्या कोटाच्या दोन्ही खिशांवर वरून शिलाई मार. डाव्यावर या रिळाची, उजव्यावर त्या दुसऱ्याची. कुणाला फरक दिसतो ते बघूच!"

"हा 'कुणाला' म्हणजे कोण गं?"

"तपासणीस आहे एक. अडेलतट्टू."

"दिसायला कसाय?"

"आत्या!"

आत्याने दिव्याखाली शिलाई मारून दिली. दोन्ही खिसे सारखेच दिसत होते. भाचीने कोट हवेत नाचवला. "बघ! मी म्हटलं नव्हतं?"

सकाळी आत्याने कोट गॅलरीत टांगला आणि हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा."

उन्हात डाव्या खिशावरची शिलाई कापडात मिसळून गेली होती. उजव्या खिशावरची मात्र करपलेल्या पानासारखी तपकिरी उठून दिसत होती. यादीताई नुसती बघत राहिली. तिने चौदाही जोड्या कचेरीतल्या ट्यूबलाइटखाली लावल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या!

"आता काय करशील?" आत्याने विचारलं.

"सोमवारी सही करून घेता येईल. मॅडम करतील काहीतरी. कुणाला कळणारही नाही..." ती थांबली. "पण आत्या, माझ्या नावाची यादी आहे गं ती."

आत्याने भाचीच्या पाठीवरून हात फिरवला.

सोमवारी दहाला सभागृह भरलं होतं. यादीताई तोच कोट घालून आली. मॅडमनी नाव पुकारलं, तशी ती पडद्याकडे न जाता थेट खिडकीकडे गेली आणि खिडकीचा पडदा सरकवून उन्हात उभी राहिली.

"माझे दोन्ही खिसे बघा," ती म्हणाली. "माझ्या यादीत हे दोन धागे एकाच नंबरावर आहेत. चूक माझी. तपासणीसांनी ती पकडली, मी मानायला तयार नव्हते. अशा आणखी तेरा जोड्या आहेत, त्याही मी ट्यूबलाइटखाली लावल्यात. मी यादी मागे घेते. मला आजचा दिवस द्या, नाहीतर ती दुसऱ्या कुणाला द्या. पण अशी चुकलेली यादी माझ्या नावाने जाऊ देणार नाही."

शेवटची रांग टाचा उंचावून खिसे बघत होती. भांडारातल्या ताई पुटपुटल्या, "तरीच गेल्या वर्षी आपल्या या हिरव्या सुताने शिवलेले शंभर कोट परत आले होते." मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांनी मुख्य कचेरीहून आलेल्या साहेबांकडे पाहिलं. साहेब अजूनही खिसेच बघत होते.

"आजचा दिवस," साहेब म्हणाले. "आणि यादी यांच्याकडेच राहील. स्वतःची चूक इतक्या लोकांत दाखवणारा मालक मला दुसरा कुठे मिळायचा?"

ऊन असेपर्यंतच काम करता येणार होतं. दोघं खिडकीपाशी समोरासमोर बसले. तो जोडी उन्हात धरायचा, ती ओळ उघडायची. स्कार्फबद्दल अवाक्षर नाही, थट्टा नाही. चारच्या सुमारास चौदावी जोडी झाली. तीन जोड्या वेगळ्या निघाल्या. सहाशे तेरा, चौदा, पंधरा असे तीन नवे नंबर यादीच्या शेवटी जोडले गेले. त्याने शेवटचं 'मंजूर' दाबलं आणि तिने 'जाहीर'.

पडद्यावर यादी हिरवी झाली. सहाशे पंधरा ओळी, मालक या रकान्यात तिचं नाव. या वेळी मात्र तिला ते परत परत बघावंसं वाटलं नाही. छाती अशी भरून आली होती की आता कुणी काही विचारलं तर रडूच येईल, असं वाटलं.

"शुक्रवारी तुम्ही काहीतरी म्हणत होता," ती म्हणाली. "म्हणून तर... काय?"

तो बोटांकडे बघत राहिला. "तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून. सही केली असती, तर तुम्ही माझ्यावर खूश झाला असता. आणि मग कधीतरी एखाद्या गिऱ्हाईकाने तुमच्या नावाला नावं ठेवली असती. ते मला... ते मला सहन झालं नसतं."

कचेरीत वीसेक माणसं होती. हिशेबनीस काकांनी वाचायला धरलेला कागद उलटा होता.

"मग ऐका," ती म्हणाली, आणि आवाज मुळीच हळू केला नाही. "माझ्या कामावर खोट्या सह्या करणारे मला पुष्कळ मिळतील. माझं चुकलेलं तोंडावर परत पाठवणारा एकच मिळालाय. मला तो कायमचा हवाय."

तो म्हणाला, "विचार करा... मी फार नामंजूर करतो."

"आणि मी फार भांडते."

"ते बघितलंय."

"मग?"

त्याने सगळ्या कचेरीसमोर निळ्या बोटांचा हात पुढे केला. यादीताईने तो घट्ट धरला, मान ताठ केली, आणि कोण कोण बघतंय हे बघायलासुद्धा ती वळली नाही.