साबणाचा बुडबुडा

टोनोपा गावाच्या दक्षिणेला, पंच्याण्णव नंबरच्या महामार्गावर, शेगडी-हीटरचा गॅस गाडीच्या टाकीत भरून देणारं एकच ठिकाण आहे. जेनेलने तिथे गाडी लावली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. वारा नेवाडाची वाळू पत्र्यावर फेकत होता.

“इंजिन बंद. फ्रीजची ज्योत, हीटरची ज्योत, दोन्ही विझव. आणि गाडीत असतील नसतील तेवढे जीव बाहेर काढ,” तिथला म्हातारा म्हणाला. खिशावर नाव शिवलेलं होतं, व्हर्लिन. “कुत्रं, मांजर, नवरा, काय असेल ते.”

“नवरा नाही. एवढीच आहे.” जेनेलने झोपलेल्या डेसला खांद्यावर घेतलं.

डेस सात महिन्यांची. दिवस पुरे भरायच्या आधीच आलेली. घरी झोपेत तिचा श्वास मध्येच थांबायचा. जेनेल रात्ररात्र तिच्या नाकाशी बोट धरून जागायची. मग रीनोच्या एका बाईकडून तिने चाकांवरच्या घरासारखी ही जुनी गाडी घेतली, ॲरिझोनाच्या उबेत, बहिणीकडे जायला निघाली, आणि गाडीतल्या पहिल्याच रात्री पोरीचा श्वास सुरळीत झाला. अकरा रात्री झाल्या त्याला. जेनेलने कारण शोधलं नाही. आयत्या मिळालेल्या झोपेला कारण कोण विचारतं?

व्हर्लिनने हातमोजे चढवले, गुडघ्यांवर बसून गाडीच्या पोटाखालच्या टाकीला नळी जोडली आणि शेजारचा बारीकसा स्क्रू सैल केला.

“इथून पांढरा फवारा आला की थांबायचं. टाकी ऐंशी टक्केच भरायची, वर गॅसला फुगायला जागा हवी. गॅस काय, सासू काय, जरा ऐसपैसच ठेवावी.”

जेनेल हसली. फवारा आला. व्हर्लिनने सगळं बंद केलं, नळी काढली आणि सवयीने साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून एकेका सांध्यावरून फिरवला.

एका नटापाशी बुडबुडा उठला.

“गळतंय थोडंसं. आवळून देतो.”

पण पाना त्याच्या हातातच राहिला. तो आणखी वाकला. बुडबुडा वाटाण्याएवढा फुगला, फुटला नाही, हळूच आत बसला. पुन्हा फुगला. पुन्हा बसला.

“तीस वर्षं हेच करतोय मी,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “गळती बाहेर फुंकते. आत ओढत नाही कधी.”

जेनेल बघत राहिली. डेसचा श्वास तिच्या मानेला लागत होता, दुधाच्या वासाचा, कोमट. तो मानेला लागला की खाली बुडबुडा फुगे. तो ओसरला की बसे.

व्हर्लिनने पाना लावून नट आवळला.

बुडबुडा थांबला.

जेनेलच्या मानेला आता फक्त वारा लागत होता.

“डेस?”

तिने पोरीला समोर धरलं. मान कलली. ओठ निळसर.

“सैल करा ते!”

“वेडी आहेस का, पोरी? गळकी टाकी घेऊन तू—”

“सैल करा म्हणते ना!”

त्याने वर पाहिलं. डेसचा चेहरा पाहिला. पाना उलटा फिरला.

गॅसचा, सडक्या कोबीसारखा वास आला. फेस हलला, फुगला.

डेसने श्वास घेतला.

व्हर्लिनने पाना पुसला, पुन्हा पुसला.

“गाडीत काडी ओढू नकोस,” तो शेवटी म्हणाला. “शेगडी नाही, हीटर नाही. काहीच नाही.”

“पोरीला पांघरूण घालेन. माझ्या अंगाशी घेईन.” तिने डेसला छातीशी घट्ट धरलं. “भरलेली टाकी किती दिवस जाते?”

व्हर्लिनने डेसच्या बारक्या छातीकडे पाहिलं.

“ती किती वाढते, त्यावर आहे.”

डेसने डोळे उघडले, आईला ओळखून हसली, आणि तोंड भरून एक लांब जांभई दिली. टाकीत किती गॅस उरला ते दाखवणारा काचेतला काटा थरथरला, आणि एक रेघ खाली येऊन थांबला.