तिसरा स्क्रू

भोवरा बोटीवर निघाला त्या दिवशी त्याने घरातल्या प्रत्येकाला काही ना काही बजावलं. आईला म्हणाला, रडायचं नाही. बाबांना म्हणाला, जिना उतरताना कठडा धरायचा. ताईला मात्र हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लोटून घेतलं आणि एवढा गंभीर चेहरा केला, की तिला वाटलं, आता हा स्वतःच्या लग्नाचं काहीतरी सांगणार.

"ग्राइंडरला पाणी लावायचं नाही," तो म्हणाला. "आणि दर रविवारी उघडून साफ करायचा. वापरा, नाहीतर वापरू नका."

"वापरणार कोण? तू गेलास की आम्ही सगळे चहावाले."

"तरीही. हवा दमट आहे. चकत्या गंजल्या तर मी परत येणार नाही, सांगून ठेवतो."

लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून त्याचं नाव भोवरा पडलं, आणि तिशी उलटली तरी ते काही सुटलं नाही. मालवाहू बोटीच्या इंजिनखोलीत तो इंजिनिअर होता. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, आणि घरी असला की तो आणि त्याचा एस्प्रेसो कॉफीच्या बिया दळायचा ग्राइंडर. काळा, जाडजूड, ओट्याच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलेला. आई त्याला भोवऱ्याचा संसार म्हणायची.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. धुळीच्या कणाशी तिचं हाडवैर होतं, त्यामुळे काम योग्य माणसाकडेच गेलं होतं. फक्त भोवऱ्याची एक खोड तिला कधीच झेपली नव्हती. ग्राइंडरची वरची पोलादी चकती तीन स्क्रूंनी बसते. पहिला तो मन लावून पिळायचा, दुसरा घाईघाईने, आणि तिसऱ्यापर्यंत पोचेतो त्याला कॉफीची अशी तलफ आलेली असायची, की तो स्क्रू अर्धवटच राहायचा. मग चकती जराशी कलायची, कॉफी जराशी कडवट व्हायची आणि ताई दारातून ओरडायची, "तिसरा राहिला!"

"कुठे राहिलाय?" तो म्हणायचा. त्याला खरंच दिसायचं नाही. जन्मात कधी दिसलं नाही.

"अशा माणसाच्या हाती बोटीचं इंजिन देतात," बाबा म्हणायचे. बाबा निवृत्त गणितशिक्षक. जगातली सगळी संकटं अर्धवट सोडवलेल्या गणितांतून येतात, असं त्यांचं मत होतं.

भोवरा गेल्यानंतरच्या रविवारी ताईने ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, प्लग काढला, बियांचं भांडं उतरवलं, चकत्या सुट्या केल्या. आत त्याच्या शेवटच्या कॉफीची पूड होती. ती तिने ब्रशने झाडली, दुकानातून आणलेल्या रबरी फुंकणीने खाचाखाचांत हवा मारली, आणि तिन्ही स्क्रू घट्ट पिळले. ग्राइंडर असा लख्ख झाला, की नवरदेव म्हणून उभा करावा.

पुढच्या रविवारी उघडला तर आत पुन्हा पूड.

फार नव्हती, चिमूटभर. ताईला स्वतःचाच राग आला. एवढी नावाजलेली कारागीर आणि साधी पूड हाताला लागली नाही! तिने या वेळी भिंग लावून साफसफाई केली. त्याच्या पुढच्या रविवारी चमचाभर निघाली. आणि ती शिळी नव्हती. शिळी पूड तेलकट, दबलेली असते. ही मऊ, मोकळी होती, आणि तिचा वास उठून थेट दिवाणखान्यात गेला, कारण तिथून आईने विचारलं, "कोण आलंय गं?"

ताईचा संशय आधी बाबांवर गेला. बाबा दुखावले.

"मला त्याचं झाकणसुद्धा उघडता येत नाही. आणि बिया आहेत कुठे घरात?"

ते खरं होतं. उरलेल्या बिया भोवरा बरोबर घेऊन गेला होता. ताईने मग ग्राइंडर उचलून आपल्या कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये घेऊन आठवडाभर दुकानात गेली. रविवारी कपाट उघडलं तेव्हा साड्यांना कॉफीचा वास लागला होता. चकती उचलायला म्हणून तिने स्क्रूला हात लावला. पहिला घट्ट होता. दुसराही. तिसरा बोटानेच फिरला.

ती तशीच पलंगावर बसली. तो तिने स्वतः पिळला होता. चौकटीत काच बसवताना जेवढा जोर लावते, तेवढा जोर लावून.

"म्हणजे तो येऊन जातो," आई म्हणाली, जणू दूधवाला येऊन गेला असं.

"आई, काहीतरी बोलू नकोस. तो समुद्रावर आहे."

"असेना. येताना काय पोहत येतो म्हटलं का मी?"

बाबांनी तापमान, दमट हवा आणि पोलाद अशी काहीशी मांडणी सुरू केली, आणि अर्ध्यावर स्वतःच सोडून दिली.

त्याच सुमारास भोवऱ्याचे फोन थांबले. आधी कुणी मनावर घेतलं नाही, समुद्रात असं व्हायचंच. मग कंपनीच्या माणसाने गोड आवाजात सांगितलं, की बोटीशी संपर्क तुटला आहे, प्रयत्न चालू आहेत. आईचं जेवण कमी झालं. बाबा कठडा न धरता जिना उतरू लागले, आणि त्यांना टोकायचं कुणाच्या लक्षातही येईना. ताई दुकानात काच घासता घासता थांबायची. तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

एवढ्यात रविवार यायचा आणि घर जिवंत व्हायचं. आई सकाळीच आंघोळ करून ओट्याशी खुर्ची टाकून बसायची. बाबा चष्मा पुसून मागे उभे. ताई चकती उचलायची, आणि आत पूड असायची. ताजी, आणि दर वेळी आदल्या वेळेपेक्षा जरा जास्तच. तिसरा स्क्रू सैल. आई टाळी वाजवायची. ती पूड कागदावर गोळा करून तिने एकदा चक्क पातेल्यात उकळली. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घोट आले.

"कडवट आहे," बाबा म्हणाले आणि एकदम हसू लागले. "गाढव कुठला! अजून पिळत नाही!"

तिघंही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ताईची बुद्धी हे मानायला तयार नव्हती, पण जीभ ओळखत होती. ही भोवऱ्याची कॉफी. म्हणजे भोवरा कुठेतरी आहे आणि ठणठणीत आहे. तिला तेवढं पुरे होतं.

एका रविवारी पूड इतकी निघाली, की चकत्यांच्या बाहेर सांडली. वाटीभर सहज असेल. "आज भूक लागलेली दिसतेय त्याला," आई म्हणाली. ताई झाडून पुसून जोडणी करत होती. शेवटचा स्क्रू पिळून ती वरून एकदा ब्रश फिरवत असतानाच दाराची घंटा वाजली, आणि बाहेर कुणीतरी बाबांना हाक मारत हसलं.

ताईच्या हाताला झटका बसला. ब्रशचा एक काळा केस तुटून वरच्या चकतीच्या भोकातून आत, दोन चकत्यांच्या मधल्या खाचेत आडवा पडला. तिला तो दिसला होता. एरवी तिने तो चिमट्याने काढला असता. पण दारातून आईची किंकाळी आली, आनंदाची, आणि तिने झाकण तसंच बसवलं आणि धावली.

भोवरा दारात उभा होता. दाढी वाढलेली, अंगावर कुणाचातरी मोठा कोट, खांद्यावर तीच जुनी पिशवी. बोटीतली यंत्रणा बंद पडली होती, फोन पाण्यात गेला होता, पुढच्या बंदरापर्यंत कळवायची सोयच नव्हती. तो सांगत होता आणि आई त्याचे गाल चाचपत होती. बाबांनी त्याला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. ताईने आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग रडली.

तो आठवडा म्हणजे नुसती धमाल. भोवरा रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचा. ग्राइंडरची घरघर ऐकून घर जागं व्हायचं, आणि चादरीत असतानाच कॉफीचा वास यायचा. आई पोटभर जेवू लागली. बाबा कठडा धरू लागले. संध्याकाळी पत्त्यांचा डाव पडायचा आणि भोवरा पूर्वीसारखाच लबाडी करायचा.

"पण कॉफीत सुधारणा आहे हं," बाबा एकदा घोट घेत म्हणाले. "कडवटपणा गेला."

भोवरा गोड हसला.

रविवारी ताईने वर्तमानपत्र हातात घेतलं, तेव्हा तो दिवाणखान्यातून म्हणाला, "ताई, आज राहू दे ना गं. सुट्टीचा दिवस."

"सवय लागलीय आता. पाच मिनिटांचं तर काम."

तिने प्लग काढला. बियांचं भांडं उतरवलं. मनात म्हटलं, आठवडाभराची घाण असणार, त्यात हा कधी ब्रश लावेल तर शपथ. ती गुणगुणत होती.

तिसरा स्क्रू घट्ट होता. तिने पिळला होता, तसाच.

तिने चकती उचलली.

आत काही नव्हतं. पूड नव्हती. कण नव्हता. तेलाचा डाग नव्हता.

खाचेत ब्रशचा काळा केस आडवा पडला होता. अख्खा. जिथे पडला होता, तिथेच.

ती बघत राहिली. आठवडाभर रोज सकाळी हे यंत्र घरघरलं होतं. तिने स्वतः ऐकलं होतं. ही पोलादी चकती फिरली असती, तर त्या केसाचा भुगा झाला असता. शेजारी ओट्यावर तिचा कप होता, त्याने मघाशीच आणून दिलेला. वाफ येत होती. वास सुरेख होता.

दिवाणखान्यात आई हसत होती, तोंडावर पदर घेऊन, कितीतरी दिवसांनी. बाबा म्हणत होते, "लबाडा, बाहीत पत्ता आहे तुझ्या!"

ताईला ओरडावंसं वाटलं. पण आईचं हसणं तिला मोडवेना.

मग तिला तो दुसरा आठवला. जो दर आठवड्याला येऊन जायचा, अर्धवट स्क्रू ठेवून. या आठवड्यात तो आलाच नव्हता. माझा भाऊ तो, हा नव्हे, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

तिने चकती जागेवर बसवली. पहिला स्क्रू पिळला. दुसरा पिळला. तिसरा नुसता टेकवला आणि मुद्दाम सैल सोडला, त्याला यायचं असेल तर यावं म्हणून. झाकणाकडे हात नेला.

"ताई."

तो दारात उभा होता. हातात पत्ते, चेहऱ्यावर तेच भोवऱ्याचं हसू.

"तिसरा राहिला," तो म्हणाला.

तिच्या बोटांतून पेचकस त्याने अलगद काढून घेतला, ओट्यावर वाकला आणि तो स्क्रू अगदी मन लावून, शेवटपर्यंत पिळला.