विरघळलेली भिंत

फ्रान्समधलं व्हालमों शहर बुडतंय की काय, अशी रेवतीला शंका आली. खोदलेल्या खड्ड्याच्या तळाशी जायला तब्बल पंचवीस पायऱ्या होत्या. आणि आजोबा म्हणत होते, की रोमन काळातलं गॉल लोकांचं (फ्रान्सच्या जुन्या रहिवाशांचं) गाव त्याच्याही खाली असावं!

"मग ते लोक बिळात राहायचे का?"

"अगं, ते जमिनीवरच राहायचे. जमीन वर चढली," आजोबा, म्हणजे पुरातत्त्वज्ञ डॉ. दिगंबर साठये, हसून म्हणाले. "घर पडलं की राडारोडा सपाट करायचा आणि त्यावरच नवं बांधायचं. दोन हजार वर्षं हेच चाललंय. याला स्तरक्रम (खालचा थर जुना, वरचा नवा) म्हणतात."

त्या गावाच्या शोधात आजोबांनी आठ वर्षं घालवली होती. आज चार वाजता इथे भुयारी स्टेशनचं काँक्रीट ओतणार होते, आणि तीन तर वाजलेच होते. तेवढ्यात खोदणारा यंत्रमानव खणकर थांबला.

"स्वच्छ पिवळी माती. वीट नाही, खापर नाही. ही निसर्गाची माती. काम संपलं."

आजोबा मटकन खाली बसले. रेवतीला फार वाईट वाटलं. तिने उगाच एक ढेकूळ फोडलं. आत बारीक पोकळ नळ्या होत्या.

"आजोबा, इथे गवत होतं! दिवाळीत किल्ल्याच्या मातीत आम्ही गवत घालतो, तट ढासळू नये म्हणून. ते कुजलं की अशाच नळ्या राहतात. आणि पावसात आमचा किल्ला विरघळला, तेव्हा अस्साच पिवळा गोळा झाला होता."

आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. "कच्च्या मातीची भिंत! विटा शोधण्याच्या नादात मी आख्खी भिंतच विसरलो. घराची जमीन हिच्याखालीच असणार. खण बाबा, खण!"

"मला किल्ला कुणी शिकवलाच नाही," खणकर कुरकुरला आणि कामाला लागला.

हातभर खाली भाजलेल्या मातीच्या लाद्या लागल्या. दाराचा उंबराही सापडला. आजोबांनी धापा टाकत वर फोन लावला. काँक्रीट थांबलं. जिना थोडा सरकवून ही जमीन काचेखाली ठेवता येईल, म्हणजे रोज हजारो माणसं ती पाहतील, असं स्टेशनच्या इंजिनिअरबाई म्हणाल्या.

एका लादीवर इवलंसं पाऊल उमटलं होतं. भाजण्याआधी ओल्या लाद्या उन्हात वाळत ठेवत. त्यावरून कुणी पोर धावलं असणार. रेवतीने बूट काढून आपलं पाऊल शेजारी ठेवलं. ते थोडंसंच मोठं निघालं.

"त्या पोराला ओरडा बसला असेल ना, आजोबा?"

"बसला असेल." आजोबांचे डोळे भरून आले होते. "पण लादी काही कुणी फेकली नाही बघ. उंबऱ्याजवळच बसवली, जाता-येता दिसेल अशी."