घोटे कुणी धरले?

फियूला मी पहिल्यांदा पाहिलं ते उलटं. मी वाळूत उताणी पडले होते, नाकातोंडात वाळू गेलेली, आणि एक अनोळखी चेहरा माझ्या डोक्याशी वाकून विचारत होता, "जिवंत आहेस ना? नसलीस तर तसं सांग."

अशा वेळी कुणी थट्टा करतं का? मी थुंकले. अर्धी वाळू त्याच्या पायावर पडली.

तो मलाइता बेटावरून चुलतभावाबरोबर होडी घेऊन अंडी विकत घ्यायला आला होता. आमच्या गावामागचा डोंगर आतून जळतो, म्हणून किनाऱ्याची वाळू गरम असते. रानपाखरं तिच्यात खोल अंडी पुरतात आणि आम्ही खड्ड्यात डोकं खाली घालून ती उकरतो. वर एकजण घोटे धरून बसतो, वाळू ढासळली तर ओढून काढायला. माझा भाऊ ताऊ गेल्या मोसमात असाच गाडला गेला. वर आई बसली होती, तिचा जोर कमी पडला. तेव्हापासून तिने अंथरूण धरलं. बाप आधीच गेलेला, मामाचा एक हात अधू. मग मी एकटीच उतरत होते.

"एकटी का उतरलीस?" फियूने विचारलं.

"तू येणार होतास ना..." मी म्हणाले. जीव वाचला की जीभ अशी सैल सुटते. तो हसला, आणि हसताना वर गेलेली त्याची एक भुवई मला नको तेवढी आवडली.

पण आमच्याकडे बाईचे घोटे आईबापाने, मामाने, भावाने किंवा नवऱ्यानेच धरायचे. परक्याने धरले की तो नवरा झाला, आणि नवऱ्याने इथेच राहायचं, कारण जमीन बाईची. फियूने मला घोटे धरूनच बाहेर ओढलं होतं, पण त्या बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. समुद्र खवळला आणि त्याची होडी अडकली. तो रोज घरी यायचा, आईला नारळाच्या दुधातलं रताळं भरवायचा. ताऊनंतर आई कुणाच्या हातून जेवतच नव्हती.

"तुमच्याकडच्या मुली सगळ्याच अशा तिखट?" तो विचारायचा.

"चाखायला कुणी सांगितलंय?"

मग तो मलाइताबद्दल बोलायचा. तिथे त्याची आई एकटीच होती... बाकीची मुलं देवाघरी गेलेली. ते ऐकलं आणि मी ठरवलं, याला असं चुकून अडकवायचं नाही. मला तो हवा होता, खूप हवा होता, पण असा नाही.

समुद्र निवळला त्याच सकाळी मामाने आम्हाला बोलावलं. कुणीतरी लांबून पाहिलं होतं. मी आधीच सांगून टाकलं की याने मला हाताला धरून ओढलं. मामाने फियूला सगळी रीत नीट समजावली. मग म्हणाला, "हात धरला असशील तर आत्ताच नीघ. घोटे धरले असशील तर होडी जाईल, तू नाही. आता तू सांग."

मी त्याच्याकडे बघत राहिले. हात म्हण... म्हण ना.

त्याने होडीकडे पाहिलं. बराच वेळ.

"घोटे," तो म्हणाला. "दोन्ही."

"मामा, खोटं बोलतोय तो! त्याची आई तिकडे वाट बघतेय."

"बघतेय," फियू म्हणाला. "पण तिकडे गेलो तर रोज तू मला खड्ड्यात एकटी उतरताना दिसशील. ते मला जमणार नाही, नेस्टा."

चुलतभाऊ एकटाच निघाला. आईला काय सांगायचं, ते फियूने त्याला पुन्हा पुन्हा बजावलं. मग तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. होडी दिसेनाशी झाली तरी उभाच, खांदे हलत होते. मीही पाण्यात उतरले आणि त्याच्या शेजारी थांबले. तो रडत होता, आणि मला इतका आनंद झाला होता, की त्याच्याकडे बघायची लाज वाटत होती.