रिकाम्या खाटेवरची ईरम्मा

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे माझ्या मामेबहिणीच्या, काव्याच्या बाबतीत घडलंय आणि तिला थापा मारायची सवय नाही.

गेल्या मे महिन्यातली दुपार. सोलापूर. ऊन असं की कुत्रीसुद्धा गटारीत बसलेली.

काव्याची आई शिवबाई, म्हणजे घरातली अव्वा, लकव्याने अंथरुणाला खिळली होती. तिला सांभाळणाऱ्या काव्याच्या भावाची, शिवूची, पुण्याला बदली झाली. "आज एक आश्रम बघून ये, उद्या अव्वाला सोडू," तो म्हणाला. जशी काय गाडीच सर्व्हिसिंगला सोडायची होती!

काव्या गेली. शहराबाहेरचा वृद्धाश्रम. नाव सांगत नाही.

आत पाऊल टाकताच फिनेल नाकात शिरलं. त्याखाली मुताचा वास... आणि त्याच्याही खाली काहीतरी नासल्याचा.

गोजरबाई नावाची आया एकाच चमच्याने तिघींना खिचडी भरवत होती. एकीची लाळ पुसलेल्या फडक्याने तिने गादीवरचं सांडलेलं पुसलं. मग त्याच फडक्याने दुसरीचं तोंड!

आश्रम दाखवणारा मॅनेजर मात्र हसून सांगत होता, "अगदी घरच्यासारखं ठेवतो बघा आम्ही."

तेवढ्यात...

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी दिसली. ताठ, मांडी घालून बसलेली. डावा तळहात पुढे पसरलेला. ओठ फुटून काळे पडलेले.

"यव्वा, नन्न लिंगा एल्लि?"

माझं लिंग कुठंय, असं ती कानडीत विचारत होती.

काव्याला लगेच उमगलं. आम्हा लिंगायतांच्या घरातली जुनी माणसं गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. हिचा गळा मोकळा होता.

काव्या भडकली. "त्या आजींचं लिंग कुठंय? आधी ते द्या त्यांना!"

"कुठल्या आजी?" मॅनेजर म्हणाला. "ती खाट रिकामीच आहे की."

काव्याने वळून पाहिलं.

खाट रिकामी.

फक्त रेक्झिनच्या गादीवर... बसल्याचा खळगा. आणि तो हळूहळू वर येत होता.

गोजरबाईच्या हातातला चमचा पडला. "ईरम्मा व्हती तितं," ती पुटपुटली. "अंघोळीला गळ्यातलं काढून घेतलं आमी. तवापासनं पाणीबी घेतलं न्हाय तिनं. गेली मागच्या आठवड्यात."

"हट्टी होती लई," मॅनेजर बोलला. वर म्हणतो कसा, "गादी धुतलीय मॅडम. उद्याच आणा आईला."

थू!

काव्या बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकली.

"उन्हानं डोकं फिरलंय तुझं," म्हणून शिवूने तिला उडवून लावलं. तिने वाद घातला नाही. आईला सरळ स्वतःच्या घरी नेलं.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

पंधरवड्याने गोजरबाईचा फोन आला. काव्याने नंबर आश्रमात दिला होता.

"ताई, तुमाला कानडी येतंय नव्हं? त्या खाटंवर नवी म्हातारी आलीया. मोडनिंबची हाय. लिंगायत न्हाय, कानडीचा एक सबुद येत न्हाय तिला. पर सकाळपासनं हात पसरून बसलीया... आन् कानडीच बोलतीया. पाण्याला तोंड लावंना."

काव्या म्हणाली, "ईरम्माचं लिंग आणा आणि ठेवा तिच्या हातावर. आत्ताच्या आत्ता!"



"सायबांनी ते कवाच केरात टाकलं, ताई. आता काय ठेवू?"

काव्याने फोन ठेवून दिला. मोडनिंबची ती बाई कुणाची आई होती, तिचं पुढे काय झालं, हे तिने विचारलं नाही. विचारायची हिंमत माझ्यातही नाही.